फुकट राबणार नाही!

बारा तास! संपाचा हक्क कायद्याने दिलेला, नोटीस रीतसर बजावलेली, मतदानात ९९.७ टक्के कौल मिळालेला. तरी कॅनडाच्या सरकारला हा संप बारा तास सहन झाला नाही. १६ ऑगस्ट २०२५ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूने काम थांबवले. त्याच दिवशी रोजगारमंत्री पॅटी हायडू यांनी श्रम संहितेचे कलम १०७ उगारले आणि वाद सक्तीच्या लवादाच्या गळ्यात बांधून संपकऱ्यांना कामावर हाकलण्याचा मार्ग मोकळा केला. हा हस्तक्षेप नव्हे, ही मालकाची चाकरी आहे, आणि लोकांच्या मतांवर निवडून आलेल्या सरकारने ती केली म्हणून तिचा धिक्कार दुप्पट जोराने केला पाहिजे.

भांडण कशाचे होते? विमान जागचे हलले की क्रूच्या पगाराचे घड्याळ सुरू होई आणि मुक्कामी पोचून ब्रेक लागला की ते थांबे. त्याच्या आधी आणि नंतर जे काम होई त्याचा हिशेब शून्य. ऑक्सिजनच्या बाटल्या आणि अग्निशामक तपासायचे, आणीबाणीची दारे पाहायची, शेकडो प्रवासी आत घ्यायचे, व्हीलचेअरवरच्या आजींना जागेवर बसवायचे, रडणारे मूल आणि संतापलेला प्रवासी एकाच वेळी शांत करायचे, वरच्या कप्प्यात न मावणाऱ्या बॅगा हलवायच्या. आणि उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर ते दोन तासही गणवेशात, हसतमुखाने, त्याच विमानात उभे राहून काढायचे. सगळे फुकट! महिन्याला सरासरी ३५ तास असे बिनपगारी जात, असे त्यांच्या संघटनेचे म्हणणे होते. ३५ तास म्हणजे जवळजवळ एक आठवड्याची नोकरी. दर महिन्याला माणसाचा एक आठवडा उचलून न्यायचा आणि त्याला ‘उद्योगाची जुनी पद्धत’ म्हणायचे. आम्ही याला चोरी म्हणतो. जुनी झाली म्हणून चोरीची रीत होत नाही.

या क्रूमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही. विमानातल्या बाईचे काम म्हणजे ट्रे फिरवणे आणि गोड बोलणे, हा समज विमान कंपन्यांनी जाहिरातींतून पिढ्यान्‌पिढ्या पोसला. तेव्हा आपल्या मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाने तर पस्तिशी आली की हवाई सुंदरीला घरी बसवायचे, पहिल्या गरोदरपणातच नोकरी काढून घ्यायची, असे नियम केले होते. गरोदरपणाचे ते कलम रद्द व्हायला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात नर्गेश मिर्झा यांचा खटला लढावा लागला. विमानात धूर झाला तर नव्वद सेकंदांत सगळ्यांना बाहेर काढण्याचे प्रशिक्षण ज्यांना मिळते, त्यांना शोभेची वस्तू समजणारी ही नजर आहे. पगाराचे घड्याळ तिच्याच सोयीने लावलेले आहे.

कंपनीचा डाव तर उघडा होता. जुना करार दहा वर्षांचा, तो मार्च २०२५ अखेर संपला. चार वर्षांत एकूण मोबदल्यात ३८ टक्के वाढ देतो, असा डांगोरा पिटला गेला. पण पहिल्या वर्षीची प्रत्यक्ष पगारवाढ फक्त ८ टक्के आहे, हे संघटनेने चव्हाट्यावर आणले. आणि संप सुरू होण्यापूर्वीच कंपनीने सरकारकडे लवादाची मागणी केली! दाराबाहेर मंत्री हुकूम घेऊन उभा आहे हे ठाऊक असेल, तर कोणता मालक टेबलावर बसून प्रामाणिकपणे बोलेल? २०२४ मध्ये रेल्वे, बंदरे आणि टपाल या तिन्ही ठिकाणी हेच कलम वापरले गेले होते. मालकांना त्याची सवय लागली होती. ही सवय सरकारने लावली. त्यात भर म्हणजे ज्या औद्योगिक संबंध मंडळाने कामावर परतण्याचा आदेश दिला, त्याच्या अध्यक्ष पूर्वी याच कंपनीच्या वकील होत्या. बाजूला व्हा, असे संघटनेने सांगितले. त्या झाल्या नाहीत!

मग जे घडले त्याने प्रत्येक कामगाराची मान ताठ व्हावी. रविवारी दुपारी दोनपर्यंत परत या, असा आदेश होता. संपकरी परतले नाहीत. क्रूच्या क्यूपी या संघटनेचे राष्ट्रीय अध्यक्ष मार्क हॅनकॉक यांनी टोरंटोच्या विमानतळाबाहेर आदेशाचा कागद सर्वांसमक्ष फाडला. मंडळाने संप बेकायदा ठरवला, तेव्हा तुरुंगात जावे लागले तरी जाऊ, असे त्यांनी जाहीर केले. कॅनडातील कामगार संघटनांचा महासंघ पाठीशी उभा राहिला. मंत्र्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. या क्षेत्रातील बिनपगारी कामाची चौकशी करण्याची घोषणा त्यांनाच करावी लागली. १९ ऑगस्टच्या पहाटे मध्यस्थाच्या साक्षीने तडजोड झाली आणि जमिनीवरच्या कामाला मोबदला देण्याचे तत्त्व कंपनीला मान्य करावे लागले. हुकूम पाळला असता तर हे कधी मिळाले असते? लवादाच्या फायलीत वर्षभर कुजले असते!

मात्र या तडजोडीचे आम्ही पोवाडे गाणार नाही. जमिनीवरच्या कामाला तासाच्या दराच्या निम्म्याने सुरुवात, तीही उड्डाणाआधीच्या तासा-सव्वा तासापुरती. अर्धी चोरी थांबली, अर्धी चालू आहे. सभासदांनी पगाराचा भाग ९९.१ टक्के मतांनी धुडकावला तो उगाच नाही. पण तोपर्यंत पुन्हा संप करण्याची वाट तडजोडीनेच बंद झालेली होती, आणि ही किंमत जबर आहे. आपल्या इथल्या नेत्यांनी ती नीट पाहून ठेवावी.

कारण हाच फास आपल्याकडेही वळला जातो आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कडाडून उठले होते. संप करणाऱ्याला गुन्हेगार ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, म्हणजेच गुलामी, हा त्यांचा मुद्दा होता. संपाचा हक्क त्यांनी स्वातंत्र्याच्या हक्कातच धरला होता. ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी एकमेकांवर तुटून पडणारे, खांद्याला खांदा लावून मुंबईत एक दिवसाच्या संपात उतरले. त्यानंतर सत्याऐंशी वर्षांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, औद्योगिक संबंध संहिता देशात लागू झाली. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक उद्योगात सक्तीची. समेटाची बोलणी सुरू असताना संप बेकायदा. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संप, आणि बेकायदा संपाला दंड किंवा महिनाभर कैद!

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूने आजारपणाच्या रजा टाकल्या. कंपनीने पंचवीस जणांना तडकाफडकी बडतर्फ केले. बाकीचे पांगले नाहीत, म्हणून दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बसून दोन-तीन दिवसांत त्या सर्वांना कामावर परत घेणे कंपनीला भाग पडले. अशाच एकजुटीला जखडण्यासाठी संहितेतली ही कलमे घातलेली आहेत, हे आम्ही स्पष्ट बजावतो. वैमानिक, क्रू, सामान चढवणारे लोडर, सफाईचे कंत्राटी कामगार, सगळ्यांच्या संघटनांनी आज वेगवेगळ्या झेंड्यांखाली का होईना, एकत्र बसावे. किरकोळ रजेला गुन्हा ठरवणारे कलम रद्द करा आणि गणवेश चढवून विमानतळावर हजेरी लागल्यापासून पगार मोजा, या दोन मागण्या घेऊन श्रम मंत्रालयाच्या दारात उभे राहावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.