वाचून बोलता का हो?

“असली पुस्तकं पोरांना घरातून पळायला शिकवतात.” किशोरवयीन मुलांच्या प्रवासाच्या कादंबऱ्या वाचनालयाला सुचवल्या, की हे ठरलेलं उत्तर येतं.

जॉन ग्रीनची ‘पेपर टाउन्स’ घ्या, २००८ ची. शाळा संपवलेली चार मुलं गाडी काढतात, फ्लोरिडातल्या ऑरलँडोहून थेट न्यूयॉर्क राज्यात. शेजारची गायब झालेली मुलगी शोधायला. नायकाला वाटतं, ती आपलीच वाट बघतेय. ती कुणाचीच वाट बघत नसते! आपण जिच्यावर प्रेम केलं ती आपल्याच डोक्यातली होती, हे त्याला कळतं. तिला तिच्या वाटेनं जाऊ देऊन तो परत फिरतो.

‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ ही बातमी मी इतक्यांदा लिहिलीय, की मथळा हाताला पाठ झालाय. त्यातल्या एका तरी आरोपीच्या हातात सोळाव्या वर्षी कुणी अशी गोष्ट दिली होती का?

आमच्याकडे फास्टर फेणे संपला की थेट स्पर्धा परीक्षेची गाइडं. मधली वर्षं मोबाइलच्या हवाली. संचालक मंडळींनो, यंदाच्या अनुदानातून एक कप्पा या वयासाठी भरा.

आक्षेप घ्यायचाय? जरूर घ्या. आधी वाचा, मग कमेंटमध्ये या.