मिनिटे छापता, आयुष्यही छापा

मोबाइलच्या खोक्यावर चार्जर किती वॉटचा आणि बॅटरी किती मिनिटांत भरते, हे ठळक छापलेले असते. ती बॅटरी किती वर्षे साथ देईल, याचा तिथे पत्ता नसतो. दोन-तीन वर्षांत फोन भर दुपारी मान टाकू लागतो. बहुतेक फोनमध्ये बॅटरी आत चिकटवलेली, त्यामुळे ती घरच्या घरी बदलायचीही सोय नाही.

जलद चार्जिंगला आमचा विरोध नाही. दिवसभर ऑर्डरी पोचवणाऱ्याची रोजी त्यावर चालते. पण या वेगाचा हिशेब ग्राहकाला कळला पाहिजे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत शिरतात. करंट फार जोराचा असला, त्यातून बॅटरी गारठलेली किंवा भरत आलेली असली, की त्यांना आत शिरायला सवड मिळत नाही. मग काही लिथियम धातू होऊन बाहेरच साचते आणि त्यातले काही कायमचे वाया जाते. उष्णतेचे नुकसान वेगळेच. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेतून येणाऱ्या उन्हात, नकाशा चालू ठेवून फोन फास्ट चार्जरला लावला, तर बॅटरीवर तिहेरी मार बसतो.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला: नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० सायकलींनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के उरली पाहिजे, आणि ती किती सायकली टिकते हे लेबलवर छापले पाहिजे. एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. निम्मी-निम्मी दोनदा वापरली तरी सायकल एकच. तेच कारखाने, तेच ब्रँड तिथे हा आकडा छापतात. मग भारतातल्या ग्राहकापासून तो का लपवायचा? इथला उन्हाळा तर तिथल्याहून कडक.

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने हा आकडा खोक्यावर सक्तीचा करावा, वॉटच्या आकड्याशेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. तोवर वाचकांनी एवढे करावे: घाई असेल तेव्हाच फास्ट चार्जर वापरावा, चार्जिंग करताना जाड कव्हर काढावे, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर ती आजच चालू करावी.