व्हिसा मिळाला, पण लसीचे कार्ड कुठे आहे?

परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना लागणारी कागदपत्रे आपल्या मुला-मुलींना आता तोंडपाठ झाली आहेत. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, गुणपत्रिका, ऑफर लेटर. आम्ही काही कार्यकर्ते दर रविवारी कोथरूडमध्ये अशा अर्जांना मदत करायला बसतो. या फायलीत एक कागद मात्र जवळजवळ कुणाकडेच नसतो आणि अर्ज भरताना तो कुणी मागतही नाही. तो कागद म्हणजे लहानपणीच्या लसीकरणाचे कार्ड.

तो मागितला जातो नंतर, विद्यापीठात प्रवेश पक्का झाल्यावर किंवा विमान पकडायला तीन आठवडे उरलेले असताना. आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंना न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठातून ईमेल आला, की गोवर, गालगुंड आणि रुबेला या तीन रोगांविरुद्धच्या लसीचा पुरावा पाठवा, नाहीतर वर्गांची नोंदणी थांबेल. ताईंनी गावी आईला फोन केला. आई म्हणाली, "अंगणवाडीत सगळी टोचणी झाली गं तुझी, पण कार्ड कुठलं आता? घर गळायचं तेव्हा सगळं भिजलं." दंडावर बीसीजीचा व्रण होता, पण व्रणाचा फोटो विद्यापीठाला चालत नाही.

शेवटी ताईंनी स्वतःच्या खर्चाने दोन डोस घेतले आणि त्या वेळेवर पोहोचल्या. पण शेवटचे चार आठवडे त्यांनी ज्या धास्तीत काढले, ती टाळता आली असती. हा प्रश्न एका ताईंचा नाही. आपल्या एका संपूर्ण पिढीचा आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

तो देश नेमके काय मागतो?

बाबासाहेब १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, ते न्यूयॉर्क शहरात आहे. आज त्या राज्याचा सार्वजनिक आरोग्य कायदा, कलम २१६५, सांगतो की महाविद्यालयात शिकणाऱ्याने गोवराचे दोन आणि गालगुंड व रुबेला यांचा प्रत्येकी एक डोस घेतल्याचा पुरावा द्यावा, किंवा रक्तचाचणीने प्रतिकारशक्ती सिद्ध करावी. ठराविक मुदतीत पुरावा आला नाही तर वर्गात बसता येत नाही. यातली महत्त्वाची अट अशी, की पहिला डोस बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास किंवा त्यानंतरचा असावा आणि दुसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी. एमएमआर ही या तिन्ही रोगांवरची एकत्र लस आहे. अमेरिकेतली इतरही अनेक विद्यापीठे हेच मागतात.

ब्रिटनची पद्धत वेगळी आहे. सहा महिन्यांहून जास्त काळाच्या व्हिसासाठी भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. विद्यार्थ्याला दरवर्षी ७७६ पौंड आरोग्य अधिभार व्हिसाच्या वेळीच भरावा लागतो. पण तिथे पोहोचल्यावर जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवले की राहिलेले एमएमआरचे डोस मोफत मिळतात. नाव नोंदवताना पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाचे कागद नसले तरी नकार देता येत नाही. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे आपली अनेक मुले पहिले सहा महिने डॉक्टरकडे फिरकतच नाहीत.

जर्मनीत १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा लागू आहे. पाळणाघर आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना, तसेच तिथे किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांना गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जोडीदार आणि मूल घेऊन जाणाऱ्या संशोधकांनी हे ध्यानात ठेवावे. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून मुलांच्या लसी अपुऱ्या असतील तर पालकांचे काही सरकारी लाभ थांबतात.

यात कुणाला वंशभेद दिसतो. क्षयरोगाच्या तपासणीत देश पाहून नियम लावला जातो हे खरे आहे. पण एमएमआरची अट न्यूयॉर्कमध्येच वाढलेल्या विद्यार्थ्यालाही तितकीच लागू आहे. शिवाय ती आता सैल होण्याची शक्यता कमीच. अमेरिकेत २०२५ मध्ये गोवराचे मोठे उद्रेक झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाने गोवर-निर्मूलनाचा दर्जा गमावला. म्हणजे अट सगळ्यांना सारखीच आहे. फरक पडतो तो ती पूर्ण करण्याच्या ताकदीत, आणि तो फरक इकडे, आपल्या घरात तयार होतो.

एकाच कोथरूडमधली दोन बालपणे

भारताचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात गोवराचा एकच डोस होता, नवव्या महिन्यात. दुसरा डोस २०१० पासून आला. रुबेलाची जोड मिळाली ती २०१७ पासून आणि महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. ती होती नऊ महिने ते पंधरा वर्षे या वयोगटासाठी. गालगुंडाची लस तर सरकारी कार्यक्रमात नाहीच.

आता हिशेब करा. जी मुले २००३ च्या शेवटाआधी जन्मली, ती त्या मोहिमेच्या वेळी पंधरा वर्षांच्या पुढे होती, म्हणून तिच्याबाहेर राहिली. आज मास्टर्स किंवा पीएच.डी.ला निघालेले बहुतेक तरुण याच वयाचे आहेत. सरकारी केंद्रावर टोचणी झालेल्या त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर गोवराचा एकच डोस आहे, तोही नवव्या महिन्यातला. न्यूयॉर्कच्या हिशेबात तो मोजलाच जात नाही. ज्यांना शाळेत मोहिमेचा डोस मिळाला, त्यांचा गोवर-रुबेलाचा एक डोस धरला जाईल, पण गालगुंडाचा रकाना रिकामाच राहील.

याच काळात खासगी बालरोगतज्ज्ञ पंधराव्या महिन्याला एमएमआर देत होते. कर्वे रस्त्यालगतच्या सोसायटीत वाढलेल्या मुलाकडे डॉक्टरांची छापील फाईल असते, त्यात बॅच नंबरसुद्धा असतो. त्याच कोथरूडच्या केळेवाडीत, किष्किंधानगरात किंवा सुतारदऱ्यात वाढलेल्या मुलीला टोचणी वेळेवर झाली, पण तिला मिळाले सरकारी वेळापत्रकाएवढेच. दोघांच्या आयांनी काळजी सारखीच घेतली. वीस वर्षांनी मात्र एकाच विद्यापीठाच्या एकाच फॉर्मवर एकजण दोन मिनिटांत फाईल अपलोड करतो आणि दुसरीला प्रयोगशाळेच्या आणि दवाखान्याच्या चकरा माराव्या लागतात. विषमता दर वेळी शिवी देऊन येत नाही. कधी ती फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्याच्या रूपात येते.

आणि ज्यांना हा सगळा हिशेब परदेशापुरता वाटतो, त्यांनी २०२२ च्या हिवाळ्यातली गोवंडी आठवावी. गोवराने तिथल्या वस्त्यांमधली लहान मुले नेली. डोस चुकणे हा आपल्याकडे जिवाचा प्रश्न आहे.

पुण्याची लस, पुण्याचाच विद्यार्थी, तरी "लस न घेतलेला"

कागदाची ताकद आपण २०२१ मध्येही पाहिली. कोविशील्ड पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनत होती. ब्रिटनने स्वतः तिचे डोस मागवून आपल्या नागरिकांना दिले होते. तरीही त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनने जाहीर केलेल्या नियमांनुसार भारतात कोविशील्ड घेऊन येणारा प्रवासी लस न घेतलेला धरला जाणार होता. आधी लसीच्या नावावरून आणि मग प्रमाणपत्रावरून वाद झाला. भारताने तशाच अटी ब्रिटिश प्रवाशांना लावल्या, तेव्हा ११ ऑक्टोबरपासून नियम बदलला. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत मिळाली नव्हती.

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपल्या मागणीसाठी मोलाची आहे. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचे अंतर होते. परदेशी शिकायला, नोकरीला आणि टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने ७ जूनला वेगळी कार्यपद्धती काढली. २८ दिवसांनंतर दुसरा डोस द्यायचा आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडायचा. म्हणजे ठरवले तर सरकार हे करू शकते.

आणि जे आपल्याकडे राहायला आले?

नव्या देशात राहणाऱ्याची बाजू कोथरूडमध्येही दिसते. आफ्रिकी देशांतून आणि अफगाणिस्तानातून आलेले कितीतरी विद्यार्थी पुण्यात शिकतात. देशात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, कोथरूडच्या सुतार दवाखान्यातही. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्टवर कोविनमध्ये नोंदणी करता येईल, हे केंद्राने ९ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली होती. त्यानंतर सहाच दिवसांनी काबूल पडले आणि पुण्यातल्या अफगाण मुलांना परत जायला घरच उरले नाही.

जी मुले आपल्या गल्लीत भाड्याने राहतात, त्यांना दवाखाना कुठे आहे आणि केसपेपर कसा काढायचा हे कुणी सांगितले? लंडनच्या जीपीने आपल्या मुलीला नाव न विचारता, जात न विचारता सामावून घ्यावे अशी अपेक्षा आपण ठेवतो. मग आपल्या दारात आलेल्या परक्याशीही आपण तसेच वागायला हवे. मैत्रीभावना विहारात म्हणायची असते, तशी दवाखान्याच्या रांगेतही पाळायची असते.

सावित्रीमाईंनी हे करून दाखवले. हाफकिन यांनी प्लेगवरची लस मुंबईत स्वतःला टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी. त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला माईंनी हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात स्वतः नेले आणि बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, त्या गेल्या. लस होती, पण ती माणसांपर्यंत पोहोचली नव्हती. आज त्याच हडपसरात जगभर जाणाऱ्या लसी बनतात. एमएमआरही बनते. तरी आपल्या वस्तीतल्या मुलीच्या कार्डावर ती नाही.

निघण्याआधी काय करावे?

ऑफर लेटर आल्याच्या आठवड्यातच विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा फॉर्म उघडा. व्हिसाची वाट पाहू नका.

आईला, आजीला विचारा. ट्रंकेत, गादीखाली, शाळेच्या फाईलमध्ये कार्ड असू शकते. उपकेंद्र किंवा दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरमध्ये नोंद मिळते का, तेही पाहा. २०१८ च्या मोहिमेचे कार्ड असेल तर जपा.

कार्ड नसेल तर दोन मार्ग आहेत. प्रतिकारशक्तीची रक्तचाचणी, ज्याला टायटर म्हणतात, किंवा एमएमआरचे दोन डोस २८ दिवसांच्या अंतराने. आधीचा डोस झालेला असला तरी पुन्हा घेतल्याने सहसा अपाय होत नाही. गरोदरपणात मात्र ही लस घेत नाहीत, आणि इतर आजार असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.

क्षयरोगाची तपासणी मागितली असेल तर डॉक्टरांशी क्रम ठरवून घ्या. लहानपणीच्या बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी सकारात्मक येऊ शकते, म्हणून रक्तावरची इग्रा चाचणी चालते का ते विचारा. एमएमआरनंतर लगेच केलेल्या तपासणीचा निकाल चुकू शकतो. म्हणून ती त्याच दिवशी किंवा किमान चार आठवड्यांनी करतात.

प्रमाणपत्र इंग्रजीत घ्या. त्यावर पासपोर्टप्रमाणे नाव, लसीचे नाव, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा.

आमच्या मागण्या

राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकार दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातले ७५ विद्यार्थी निवडते. तिचा कारभार पुण्यातल्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतो. तिच्यात फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे आणि वैद्यकीय विमा आहे. पण विमा उपयोगी पडतो तिथे पोहोचल्यावर आणि डोस घ्यायचे असतात निघण्याआधी. निवडपत्रासोबतच लसींची माहिती द्यावी आणि त्यांचा व चाचण्यांचा खर्च परत मिळावा, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी पुणे महापालिकेकडे. जून ते ऑगस्ट या काळात आठवड्यातून एक दिवस परदेशी जाणाऱ्यांसाठी एमएमआर आणि इंग्रजी प्रमाणपत्राची सोय करावी. तिसरी केंद्राकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभर आलेल्या यू-विनवर गरोदर महिला आणि बालकांची नोंद राहते, म्हणजे आजच्या बाळाचे कार्ड हरवणार नाही. कागदी कार्डाच्या काळात जन्मलेल्या तरुणांनाही तिथे आपली नोंद करता यावी.

आणि चौथी मागणी आपल्या स्वतःकडे. प्रत्येक विहारात एक वही ठेवू या. वस्तीतल्या प्रत्येक बाळाच्या कार्डाचा फोटो काढून आईच्या आणि विहाराच्या फोनमध्ये जपू या. आज पाळण्यात असलेली मुलगी वीस वर्षांनी कुठल्या विद्यापीठाचा फॉर्म भरत असेल, हे आपल्याला ठाऊक नाही. तिच्या फॉर्मचा तो रकाना मात्र आपण आजच भरून ठेवू शकतो.

जय भीम! नमो बुद्धाय!