आधी हमी, मग दर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरी विणणारा यंत्रमाग कामगार घरी परततो, तेव्हा नळाला पाणी असेलच असे नाही. उजनी भरले तरी सोलापुरात वर्षानुवर्षे काही दिवसांआडच पाणी येत आले आहे. मधली तहान विकतच्या जारने भागवताना मजुरीलाच गळती लागते. खाजगीकरण करारपत्रानेच येते असे नाही; सार्वजनिक नळ आटला की ते आपोआप दारात उभे राहते.

महाडला १९२७ साली बजावलेला पाण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० साली मानवी हक्क म्हणून मान्य केला. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यान्वये घाऊक पाण्याचे दर ठरविण्यास प्राधिकरण आहे; श्रमिकाच्या घरी रोज पाणी पोहोचण्याची हमी मात्र कोणाचीच नाही. आधी हमी, मग दर, हा क्रम शासनाकडून मान्य करवून घेणे हे कामगार चळवळीचे कर्तव्य होय.