श्रद्धा मोकळी, मग आचरणाचे काय?

‘तुमचा धर्म नेमके काय मानतो?’ असे विचारले की हिंदू माणूस आपल्या घरचे कुळाचार सांगू लागतो. यात त्याचे अज्ञान नाही. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे ख्रिस्ती धर्माचार्यांनी एकत्र बसून श्रद्धेचे सूत्र निश्चित केले. आपल्याकडे अशी परिषद कधी भरली नाही. निरीश्वर सांख्यांनाही आपण आस्तिक दर्शनांत स्थान दिले. साधनांची अनेकता आणि उपास्याविषयी अनियम ही लक्षणे लोकमान्य टिळकांनी हिंदुधर्माच्या व्याख्येत घातली, ती उगीच नव्हेत.

या मोकळिकीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु श्रद्धा मोकळी सोडली की धर्माचा सारा भार आचरणावर येतो, आणि आचरण म्हणजे केवळ सोवळे, नैवेद्य व मुहूर्त नव्हे. सर्वांभूती एकच परमात्मा आहे, हा विचार पंढरपुरात कोणी नाकारला होता? तरीही चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. दार उघडले नाही. विठ्ठलाचे दार उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. सिद्धान्त निर्मळ होता, व्यवहार मलिन होता.

त्याहून बोधप्रद आहे तो अहमदाबादचा सत्संगी खटला. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्यातून आपली मंदिरे वगळली जावीत म्हणून स्वामीनारायण संप्रदायातील काही सत्संगींनी आपण हिंदूच नसल्याचा दावा केला. दार बंद ठेवण्यासाठी धर्माचे नाव सोडण्याचीही तयारी! १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लोकमान्यांच्याच व्याख्येचा आधार घेतला आणि दाव्यामागील भीती धर्माच्या अज्ञानातून आल्याचे स्पष्ट शब्दांत नमूद केले. ज्या व्यापकतेचे आपण गोडवे गातो, तिच्याच बळावर हे दार उघडले गेले.

मंदिरांची दारे कायद्याने उघडता येतात, स्वयंपाकघराची नाही. कोणत्या देवाला भजावे, याची सक्ती आपण मुलांवर करत नाही, हे योग्यच. परंतु घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का, असे त्याच मुलांनी विचारले तर कोणते शास्त्र दाखविणार? ज्या धर्मात श्रद्धेची परीक्षा होत नाही, त्यात प्रत्येक दिवस आचरणाच्या परीक्षेचा असतो.