एका शिंगावरचा पाऊस

वळवाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरे कोरडेच राहते, असे जुनी माणसे म्हणत. अतिशयोक्ती खरीच, पण तापलेली हवा उसळून उभा राहणारा हा मेघ उंचीला १०-१२ किलोमीटर, रुंदीला मात्र थोडाच. पिंपळवंडीत ओढे वाहत असता आळेफाट्यावर धूळ उडताना आम्ही पाहिली आहे.

‘गर्जेल तो पडेल काय’ ही म्हण मात्र वळवापुढे टिकत नाही. तिच्याच भरवशावर एका चैत्रात वडिलांनी खळ्यावरचा हरभरा उचलण्याची घाई केली नाही. सौदा ठरला होता, वजन व्हायचे होते. विजेनंतर सहा सेकंदांनी गडगडाट आला, म्हणजे वीज दोन किलोमीटरवर. घटकाभरात रास भिजली; बांधापलीकडची कोरडी राहिली. भिजलेला हरभरा काळवंडतो, हे आपणा व्यापाऱ्यांस सांगणे नको.

शेतकरी पेढीवर येऊन नुसता बसून राहिला. वडिलांनी वही उघडली. भाव ठरलेलाच ठेवला, वजन वाळवून निवडलेल्या मालाचे धरले. तूट दोघांनाही लागली. पुढल्या वर्षी त्याने माल आमच्याकडेच आणला. वडिलांनी मात्र आभाळ वाजताच ताडपत्री धाडली.