विश्लेषण : एलएलएमवर केलेला खर्च वसूल होतो का?

एलएलबीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. आता सनद घेऊन कोर्टात जायचं की एलएलएमला प्रवेश घ्यायचा? ‘मास्टर्स’ झालं की पगार वाढेल, असा समज असतो. प्रत्यक्षात गणित वेगळं आहे.

वकिलीसाठी एलएलएम लागतं का?

नाही. सनद एलएलबीवर मिळते, त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ओएनजीसी, इंडियन ऑइलसारख्या सरकारी कंपन्यांनी क्लॅट-पीजीच्या गुणांवर विधी अधिकारी नेमले आहेत. तिथेही एलएलबी पुरेशी ठरते.

खरा खर्च किती?

सरकारी विद्यापीठांत एलएलएम दोन वर्षांचं असलं तरी शुल्क तुलनेने कमी असतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ते एका वर्षात होतं, पण राहणं-जेवण धरून खर्च अनेक ठिकाणी दोन लाखांच्या पुढे जातो.

यात बुडालेली कमाईही धरायला हवी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरांतल्या कनिष्ठ वकिलांना दरमहा किमान २० हजार रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही आणि अनेकांना एवढे पैसे मिळतही नाहीत. तरी हाच आकडा धरला, तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. म्हणजे तीन लाखांचं एलएलएम प्रत्यक्षात ५ लाख ४० हजारांना पडतं.

मग फायदा कुठे?

सगळ्यात थेट फायदा अध्यापनात. सहायक प्राध्यापक होण्यासाठी एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट किंवा सेट लागते. सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, महागाई भत्ता वेगळा. अडचण एवढीच की, कायम जागा मोजक्या निघतात. तोवर अनेकांना तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं.

दुसरा फायदा न्यायाधीशांना. एलएलएम असलेल्या न्यायिक अधिकाऱ्यांना तीन आगाऊ वेतनवाढी मिळतात. पण त्यासाठी आधी न्यायसेवेत यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ती एलएलएमच्या पदवीने भरून निघत नाही.

परदेशात गेलं तर?

समजा, ४० लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतलं. मासिक हप्ता साधारण ५५ हजार येतो. शिकतानाचं व्याज वेगळं. म्हणजे भारतात परतून प्राध्यापक झालात, तर जवळपास सगळं मूळ वेतन हप्त्यात जाईल. अमेरिकेत एलएलएमनंतर अटी पूर्ण करणाऱ्यांना न्यूयॉर्कची बार परीक्षा देता येते आणि सहसा एक वर्ष कामाची परवानगी मिळते. त्या वर्षात नोकरी मिळाली, तरच हा हिशेब जुळतो.

निर्णय कसा घ्यायचा?

शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल, तर एलएलएमला पर्याय नाही. कोर्टातच उभं राहायचं असेल, तर आधी दोन-तीन वर्षं काम करून विषय ठरवलेला बरा. आणि ‘पुढे काय ते ठरत नाही’ एवढंच कारण असेल, तर त्यासाठी कर्ज काढू नका. हप्ता सुरू होईल, तेव्हाही तो प्रश्न तसाच असेल.